ओल ती ओल? बर्फातल्या भिंतीचं डिटेल दमट हवेत कॉपी मारलं तर काय होतं

ड्रॉइंगवाला

मंडळी, विचारताना थोडी लाज वाटतेय कारण पाच वर्षं डिटेल्स (भिंतीत कुठला थर कुठे येतो ती ड्रॉइंग) काढतोय आणि हे आपल्याला कळतच नाही हे गेल्या आठवड्यात कळलं.

सध्या दोन कामं एकदम चालू आहेत. एक बिल्डिंग जिथे आहे तिथे चार-पाच महिने बर्फ, बाहेर उणे १० वगैरे, लाकडी फ्रेमची भिंत, फ्रेममध्ये ग्लासवूलचं इन्सुलेशन, बाहेरून प्लायवूड आणि त्यावर क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचं आवरण. दुसरी समुद्राकाठी, बारा महिने चिकचिक, विटांची भिंत, आतून जिप्सम बोर्ड आणि एसी दिवसरात्र चालू. पहिल्या बिल्डिंगमध्ये जिप्सम बोर्डाच्या मागे, म्हणजे खोलीच्या बाजूने, प्लास्टिकचा कागद दाखवलाय, व्हेपर बॅरियर म्हणून, म्हणजे वाफ अडवायला. साहेब म्हणाले तेच डिटेल दुसऱ्या बिल्डिंगला कॉपी मार, ओल ती ओल, इथे काय नि तिथे काय. मी मारलं पण कॉपी. मग साईटवरून फोन आला की दमट हवेत प्लास्टिक आतून लावलं तर भिंत कुजते, बाहेरून लावा. तिसऱ्या एकाने सांगितलं लावूच नका, भिंतीला श्वास घेऊ द्या. आता भिंत श्वास घेते म्हणजे नेमकं काय करते ते कुणी सांगेना.

तर आतून, बाहेरून, की नकोच? आणि छपराला हाच नियम लागतो का वेगळा? (एकाला उतारी छप्पर आणि वर माळा, दुसऱ्याला सपाट स्लॅब.) लिंका नका देऊ प्लीज, सगळ्या वाचून झाल्यात आणि त्या एकमेकींशी भांडतात.

नटबोल्ट

दोन्हीकडून लावून टाका, विषय संपला. पाणी आतून पण येणार नाही आणि बाहेरून पण.

बाष्पगती

@नटबोल्ट, नाही हो, तेवढं सोडून काहीही करा. दोन्हीकडून प्लास्टिक म्हणजे डबाबंद भिंत. पाणी येणारच नाही हे गृहीत धरलंत, पण ते येतं, खिडकीच्या कोपऱ्यातून येतं, एखाद्या स्क्रूच्या भोकातून येतं, आणि बांधतानाच लाकडात नि काँक्रीटमध्ये असतं ते वेगळंच. ताज्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे साधारण १७०-१८० लिटर पाणी घातलेलं असतं, त्यातलं सिमेंट जेवढं धरून ठेवतं तेवढं सोडून बाकीचं महिनोन् महिने बाहेर पडत राहतं. ते जायचं कुठून? भिंत भिजणारच असं धरून चाला आणि सुकायची वाट निदान एका बाजूने तरी उघडी ठेवा.

आता धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न. वाफ ज्या बाजूला जास्त तिथून कमी असलेल्या बाजूला जाते, आणि व्यवहारात याचा अर्थ बहुतेक वेळा उबदार बाजूकडून थंड बाजूकडे. २० अंशाच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास पाणी मावतं, ० अंशाला पाचच्या आत, ३० अंशाला तीसच्या वर. म्हणजे हवा थंड झाली की तिची झोळी लहान होते आणि जे मावत नाही ते जिथे पहिला थंड पृष्ठभाग भेटेल तिथे थेंब होऊन बसतं. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं ते, येतो ९.३ अंश. तुमच्या बर्फातल्या भिंतीत बाहेरचं प्लायवूड उणे ९ वगैरे असणार, म्हणजे आतली हवा तिथवर पोचली की प्लायवूडच्या आतल्या अंगाला पाणी, खरं तर हिमच. म्हणून तिकडे वाफ अडवायची ती आतून, उबदार बाजूला.

समुद्राकाठी सगळं उलटं. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर बाहेरच्या हवेचा दवबिंदूच २७ अंश निघतो. तुमचा एसी खोली २३-२४ वर ठेवतो. म्हणजे जिप्सम बोर्ड आणि त्यामागचं प्लास्टिक हे दोन्ही बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड. वाफ बाहेरून आत येते, विटेतून आरामात येते, आणि तुमच्या प्लास्टिकवर आपटून तिथेच पाणी होते, बोर्डाच्या बरोब्बर मागे. साईटवाले बरोबर बोलत होते.

पण खरं सांगू का, सगळे या प्लास्टिकवरच का अडकतात मला कळत नाही. महत्त्वाचा क्रम असा की आधी पाऊस, मग हवा, मग वाफ. बिल्डिंग सायन्सवाले जोसेफ लस्टिब्युरेक यांचं एक उदाहरण या धंद्यात फार फिरतं: थंड प्रदेशात ४ बाय ८ फुटांच्या एका अखंड जिप्सम बोर्डातून अख्ख्या थंडीत वाफेच्या रूपाने जेमतेम एक तृतीयांश लिटर पाणी भिंतीत जातं, पण त्याच बोर्डाला १ चौरस इंचाचं भोक पडलं तर त्या भोकातून हवेबरोबर जातं २८ लिटरच्या आसपास. इलेक्ट्रिकच्या बॉक्सभोवतीची फट बघा कधी, चौरस इंच सहज भरतो. प्लास्टिक कुठल्या बाजूला यावर दोन तास मीटिंग आणि स्विचबोर्डाच्या फटीवर दोन मिनिटंही नाहीत, अशी आपली गत आहे.

आणि हो, भिंत श्वास वगैरे घेत नाही. हवा आरपार गेली पाहिजे असा त्याचा अर्थ लोक लावतात तो साफ चूक. वाफ झिरपून सुकू शकली पाहिजे आणि हवा मात्र अडली पाहिजे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

साईटवरचा_माणूस

बाष्पगती यांनी गणित सांगितलं, मी वास सांगतो.

दमट हवेतल्या एका लॉजचं काम होतं, बरीच वर्षं झाली. खोल्यांना आतून विनाईल वॉलपेपर, चकचकीत, ओल्या फडक्याने पुसता येतो म्हणून मालक खूश. दुसऱ्या वर्षी तक्रारी सुरू, खोलीत शिरलं की ओल्या गोणपाटासारखा वास. एसी साफ केला, पडदे बदलले, गालिचा काढला, वास तिथेच. मग एका खोलीत वॉलपेपरची शिवण नखाने उचलली आणि खाली ओढली. कागद असा सोलला गेला जसा दुधावरून साय निघते, आणि मागे बोर्डावर गुलाबी नि काळे ठिपके, गोल गोल, हाताच्या पंज्याएवढे. बोर्डात बोट दाबलं तर आत गेलं. बाहेरून एक थेंब पावसाचं पाणी आलेलं नव्हतं, वरचा पाईप कोरडा होता, सगळं पाणी हवेतून आलेलं.

आणि त्यात भर म्हणजे बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन. ते सतत हवा बाहेर फेकत होते आणि बाहेरची हवा आत सोडायची सोय कुणी केलीच नव्हती, मग खोली तोंडाने शोषल्यासारखी भिंतीच्या फटींतून दमट हवा ओढत होती. आम्ही काय केलं, तर सगळा विनाईल काढला, बोर्ड बदलले, साधा पाण्यातला रंग मारला, आणि वाळवून गार केलेली बाहेरची हवा थोडी जास्तच आत सोडायला लावली म्हणजे खोलीत दाब किंचित जास्त राहील आणि फटींतून हवा बाहेर जाईल, आत नाही. एसी पण बदलला, आधीचा नको तेवढा मोठा होता, दहा मिनिटांत खोली गार करून बंद पडायचा, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळायचा नाही. पुन्हा वास आला नाही.

तेव्हा @ड्रॉइंगवाला, तुमच्या समुद्राकाठच्या बिल्डिंगमध्ये आतून प्लास्टिक काढाच, पण नंतर इंटिरियरवाला येऊन विनाईल, ऑइल पेंट, नाहीतर भिंतभर आरसा चिकटवून जाईल त्याचंही बघा. तोही व्हेपर बॅरियरच आहे, फक्त कुणी ड्रॉइंगवर तसं लिहीत नाही.

ड्रॉइंगवाला

भिंतभर आरसा!! लॉबीत आहे आमच्या. बाहेरच्या भिंतीवरच. ठीक आहे, तो आतल्या पार्टिशनवर सरकवतो.

बाष्पगती, एक शंका. बर्फातल्या बिल्डिंगला प्लास्टिक आतून ठेवलं तर ते कायम बरोबर ना? कारण तिकडेही उन्हाळ्यात हल्ली एसी लावतात. आणि तिथला कन्सल्टंट म्हणतो क्लॅडिंग विटेचं करू.

बाष्पगती

चांगला प्रश्न, आणि इथेच गोची आहे. वीट म्हणजे स्पंज. चार इंची विटेच्या भिंतीत चौरस मीटरला दहा-बारा लिटर पाणी सहज मुरतं. पाऊस पडून गेला, ऊन आलं, वीट तापली चाळिशीच्या वर, की तिच्यातलं पाणी वाफ होऊन दोन्हीकडे पळतं, आतसुद्धा. आत एसी चालू आणि मागे गार प्लास्टिक. झालं, जे समुद्राकाठी बारा महिने होतं ते तिकडे उन्हाळ्यात होणार. यावर उपाय दोन. एक, विटेच्या मागे मोकळी पोकळी ठेवा, इंचभर तरी, वर आणि खाली हवेला वाट ठेवून, म्हणजे ती वाफ आत जायच्या आधीच बाहेर निघून जाते. दोन, साध्या प्लास्टिकऐवजी स्मार्ट मेंब्रेन घ्या. नायलॉनच्या जातीचं असतं, कोरडं असताना वाफ अडवतं आणि आजूबाजूची आर्द्रता वाढली की स्वतःच मोकळं होतं. थंडीत त्याच्याभोवती कोरडं असतं तेव्हा ते बंद, उन्हाळ्यात भिंतीच्या आत दमट होतं तेव्हा ते उघडं.

अमेरिकन कोडमध्ये वाफ अडवणाऱ्या थरांचे तीन वर्ग आहेत, पर्म नावाच्या एककात, म्हणजे थरातून वाफ किती सहज जाते त्याचं माप. ०.१ पर्मच्या आत पहिला वर्ग, त्यात प्लास्टिकचा कागद येतो, ०.१ ते १ दुसरा, १ ते १० तिसरा ज्यात साधा लेटेक्स रंग मारलेला बोर्ड बसतो. पुष्कळ ठिकाणी तिसरा वर्ग पुरतो हे लोकांना माहीतच नसतं, बाहेरून पुरेसं इन्सुलेशन दिलं असेल तर.

आणि हे "पुरेसं" काढायला कॉम्प्युटर लागत नाही, बोटांवर करा. आत २०, बाहेर उणे १०, फरक ३० अंशांचा. सगळं ग्लासवूल फ्रेममध्ये असेल तर प्लायवूड जवळजवळ बाहेरच्याच तापमानाला. आता एकूण इन्सुलेशनच्या ताकदीतला अर्धा भाग प्लायवूडच्या बाहेर नेला तर प्लायवूडवर तापमान किती? २० वजा १५, म्हणजे ५. खोलीत ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ९.३, अजून पाणी सुटणार. दोन तृतीयांश बाहेर नेला तर २० वजा १०, म्हणजे १० अंश. दवबिंदूच्या वर, सुटलात. खोलीतली आर्द्रता ३० टक्के राखली तर दवबिंदू उतरतो २ अंशांच्या जवळ, मग अर्धं-अर्धंही चालतं. म्हणून तिकडच्या लोकांना तुमच्या बिल्डिंगमध्ये थंडीत आर्द्रता किती असणार हे आधी विचारा. ऑफिस असेल तर एक उत्तर, आत पोहण्याचा तलाव असेल तर देव तुमचं भलं करो.

चुनखडी

सगळं वाचलं, बरंचसं पटलं, पण एक गोष्ट खटकली. बाष्पगती यांचा सूर असा लागला की आतून प्लास्टिक म्हणजे जणू गुन्हा. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत ते दशकानुदशकं लावतायत आणि नीट लावलेल्या हजारो भिंती ठणठणीत आहेत. ते तिथे टिकतं कारण सांधे नीट टेप केलेले असतात आणि ते वाफेपेक्षा जास्त हवा अडवतं. म्हणजे तुमचाच मुद्दा. प्लास्टिकला शिव्या घालण्याआधी त्याने नकळत केलेलं हवा अडवायचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या, नाहीतर काढून टाकलंत आणि फटी तशाच, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

माझं काम जुन्या इमारतींचं आहे, चुना आणि दगड. तिथे उलटाच त्रास. दोन फूट जाडीची भिंत, शंभर वर्षं भिजते आणि सुकते, भिजते आणि सुकते. कुणीतरी येतं, खाली ओल दिसते म्हणून सिमेंटचा गिलावा चढवतं. आता पाणी जमिनीतून चढतंच आहे पण चुन्यातून सुकत होतं ते बंद झालं, मग ते सिमेंटच्या वर निघतं, एक फुटावरची ओल तीन फुटांवर. क्षार फुटतात, पांढरी पावडर, हात फिरवला की झडते, आणि त्यामागे दगडाचा पापुद्रा सुटून येतो. मालकाला वाटतं ओल वाढली म्हणून अजून वर सिमेंट. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हाच. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यायचा, तो झिजेल, दहा-पंधरा वर्षांनी परत करावा लागेल, त्याचं कामच ते आहे, दगडाऐवजी आपण झिजायचं.

आणि ओल नेमकी कुठून येते हे न बघता कुणी काही लावू नका. सोपी परीक्षा सांगतो: भिंत पुसून कोरडी करा, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या अंगाला आले तर ते खोलीतल्या हवेचं आहे. दोन्ही आजारांचं औषध वेगळं.

बाष्पगती

मान्य, सूर जरा चढला होता. हवा अडवणारा थर आधी ठरवा मग प्लास्टिकचं बोला, हे माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत.

पण पावसाचं अजून कुणी बोललं नाही. सगळ्यात मोठं पाणी तेच. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधले जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं, त्यातला मुद्दा इतका सरळ आहे की राग येतो: पाणी आत यायला तीन गोष्टी लागतात, पाणी, भोक आणि ढकलणारा जोर. भोकं सगळी बुजवता येत नाहीत, सीलंट आज ना उद्या फाटतं. म्हणून जोर काढून घ्या. क्लॅडिंगच्या मागे पोकळी ठेवा, तिला बाहेरची हवा लागू द्या, म्हणजे वाऱ्याचा दाब दोन्हीकडे जवळपास सारखा होतो आणि पाणी आत ढकललं जात नाही. जे थोडं येतं ते पोकळीत खाली घरंगळतं आणि फ्लॅशिंगवरून, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्टीवरून, बाहेर पडतं. रेनस्क्रीन म्हणतात ते हेच.

आणि एका हवामानाचं डिटेल दुसऱ्यात कॉपी मारलं की काय होतं त्याचा धडा म्हणजे कॅनडातलं व्हँकूव्हर. ऐंशी आणि नव्वदच्या दशकात तिथे धडाधड अपार्टमेंट बांधली, दिसायला उन्हाळी प्रदेशातल्यासारखी, सपाट चेहरा, स्टको (बाहेरचा गिलावा), छज्जा नाही, उघड्या बाल्कन्या. पाऊस मात्र व्हँकूव्हरचा. पाणी स्टकोच्या फटींतून आत गेलं, मागे पोकळी नव्हती म्हणून निचरा नाही, आतून प्लास्टिक होतं म्हणून आत सुकणं नाही, आणि लाकूड कुजलं. इतकं, की १९९८ मध्ये तिथल्या प्रांताचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला. त्याआधी १९९६ च्या एका पाहणीत दिसलं होतं की छज्जा जितका लांब तितक्या त्या भिंतीच्या तक्रारी कमी. न्यूझीलंडमध्येही जवळपास तेच झालं, वर तिथे नव्वदच्या दशकात प्रक्रिया न केलेलं पाइन लाकूड वापरायला परवानगी मिळाली होती, २००२ मध्ये त्यांना गळक्या घरांच्या दाव्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

नटबोल्ट

माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. 🙏 पण छपराचं राहिलंच की, धागाकर्त्याने विचारलं होतं.

साईटवरचा_माणूस

छपराचं मी सांगतो, अर्धं आयुष्य त्यावर उकिडवं बसून गेलंय.

बर्फातल्या उतारी छपराचा एक किस्सा. थंडी ओसरायला लागली आणि छत गळतंय म्हणून बोलावलं. बाहेर आकाश कोरडं, बर्फ अजून वितळायला सुरुवातही नव्हती. टॉर्च घेऊन माळ्यावर गेलो, वर बघतो तर छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर सगळीकडे पांढरी फुलं, म्हणजे हिम, शेकडो, एकेका खिळ्याला एकेक, आणि दुपारच्या उबेने त्यातले थेंब टपटप इन्सुलेशनवर. गळती बाहेरून नव्हतीच. घरातली उबदार दमट हवा छताच्या लाईटच्या भोकांतून आणि माळ्याच्या झाकणाच्या फटीतून वर जात होती, थंडीभर खिळ्यांवर गोठत होती. मालक म्हणाला अजून व्हेंट टाकू. मी म्हटलं थांबा, आधी खालचं छत हवाबंद करा. फटी तशाच ठेवून वर व्हेंट वाढवले की ते घरातलीच हवा जास्त ओढतात. छत बंद केलं, इन्सुलेशन वाढवलं, मग व्हेंटिलेशन, माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेवा हिस्सा हा तिकडचा नेहमीचा ठोकताळा, निम्मं खाली पागोळ्यांशी आणि निम्मं वर आढ्याजवळ. याने कडेला बर्फाचा बांध होतो तोही कमी होतो, कारण छप्पर खालून तापत नाही आणि वरचा बर्फ वितळून खाली कडेला परत गोठत नाही.

हाच माळा दमट गरम हवेत असता तर व्हेंट उलट त्रास देतात, बाहेरची ओली हवा आत येऊन एसीच्या गार डक्टवर दव धरते आणि छताला पिवळे डाग. तिकडे माळा बंद करून इन्सुलेशन छपराच्या उतारालाच लावणं बरं पडतं.

पत्र्याच्या छपराचं वेगळंच. निरभ्र रात्री पत्रा उघड्या आकाशाला उष्णता देऊन टाकतो आणि हवेपेक्षाही काही अंश गार होतो, मग पहाटे खालून घाम, अगदी कोरड्या प्रदेशातसुद्धा. लोक भोकं शोधत बसतात. पत्र्याच्या खाली इन्सुलेशन लावा पण ते पत्र्याला घट्ट चिकटलेलं आणि खालून हवाबंद हवं, नुसतं लोंबकळत ठेवलं तर हवा मागे जाते आणि थेंब इन्सुलेशनमध्ये मुरतात, मग ते भिजलेल्या रजईसारखं खाली येतं.

आणि सपाट स्लॅब. वॉटरप्रूफिंग ओल्या कोब्यावर टाकू नका एवढं हात जोडून सांगतो. वरून ऊन लागलं की खालच्या पाण्याची वाफ होते, जायला जागा नाही, मेंब्रेनला, म्हणजे वॉटरप्रूफिंगच्या थराला, फोड येतात, पापड भाजल्यासारखे.

बाष्पगती

खिळ्यांवरची फुलं 👌 एकदा बघितली की विसरत नाही माणूस.

स्लॅबबद्दल माझं मत, उलटं छप्पर करा. स्लॅब, त्यावर उतार, त्यावर मेंब्रेन, आणि इन्सुलेशन मेंब्रेनच्या वर, पाणी न पिणारं एक्सपीएस (फोमचा बोर्ड), त्यावर खडी किंवा लाद्या वजनासाठी. मेंब्रेनला ऊन लागत नाही, थंडी लागत नाही, कुणाची टाच लागत नाही.

आणि इथे एक गंमत आहे जी मी धाग्याच्या सुरुवातीला सांगायला हवी होती. हे छप्पर उभं करून ठेवा, म्हणजे आत स्ट्रक्चर, त्याच्या बाहेरून पाणी-हवा-वाफ तिन्ही अडवणारा एकच थर, त्याच्या बाहेर इन्सुलेशन, मग पोकळी, मग क्लॅडिंग. ही भिंत बर्फात चालते आणि समुद्राकाठीही चालते. बर्फात तो थर इन्सुलेशनच्या आत असल्यामुळे खोलीइतकाच ऊबदार, दव धरत नाही. दमट हवेत तो गार असतो, त्यावर बाहेरून दव धरलंच तर थराच्या बाहेरच्या अंगाला, आणि तिथून घरंगळून निघून जातं, आत काहीच नाही. लस्टिब्युरेक यालाच परफेक्ट वॉल म्हणतात, पण कल्पना त्यांच्याही आधीची, कॅनडातल्या नील हचिन यांनी पन्नास-साठच्या दशकातच मांडलेली.

म्हणजे @ड्रॉइंगवाला, तुमचे साहेब अगदीच चूक नव्हते. एक डिटेल दोन्हीकडे चालू शकतं. फक्त तुम्ही जे कॉपी मारलंत ते नाही. बदलते ती इन्सुलेशनची जाडी, पोकळी किती मोठी, छज्जा किती लांब.

कन्सल्टंटने ग्लासरचा आलेख दाखवला तर त्यावर सगळं सोडू नका. ती पन्नासच्या दशकातली पद्धत आहे, ती फक्त वाफेचं गणित करते, पाऊस आणि विटेत साठणारं पाणी तिला दिसत नाही. वुफी नावाचं सॉफ्टवेअर आहे, जर्मनीच्या फ्राउनहोफर इन्स्टिट्यूटचं, ते तासातासाचं हवामान घालून बघतं. पण त्यातही फट टाकली नाहीत तर फट दिसणार नाही.

चुनखडी

परफेक्ट वॉल नव्या कामाला उत्तम. जुन्या दगडी भिंतीचा चेहरा बाहेरून झाकायला कुणी देत नाही, तिथे इन्सुलेशन आतूनच घालावं लागतं आणि मग दगड पूर्वीपेक्षा गार आणि ओला राहतो, तुळयांची भिंतीत रुतलेली टोकं कुजायला लागतात. तिथे मी बेतानेच घालतो, पातळ, आणि आधी पन्हळी आणि छज्जे दुरुस्त करून घेतो. तो विषय वेगळा, धागा भरकटेल.

ड्रॉइंगवाला

सगळ्यांचे आभार. साहेबांना दाखवला धागा, "तुमचे साहेब अगदीच चूक नव्हते" एवढंच वाक्य दोनदा वाचलं त्यांनी.

ठरलं ते असं. समुद्राकाठी आतलं प्लास्टिक गेलं, विटेच्या बाहेरून लिक्विड मेंब्रेन, त्यावर इन्सुलेशन, पोकळी, क्लॅडिंग. आतून बोर्ड आणि साधा रंग, आणि "विनाईल नको" असं ड्रॉइंगवर ठळक. आरसा हलवला. छप्पर उलटं. बर्फातलीला लाकडी फ्रेम बदलणार नाहीत, पण दोन तृतीयांश बाहेर मान्य झालं आणि प्लास्टिकऐवजी स्मार्ट मेंब्रेन, टेप केलेलं, विटेमागे पोकळी. खिडक्यांच्या खाली फ्लॅशिंगचा ट्रे दोन्हीकडे टाकतोय. अजून काही सुटलं का?

साईटवरचा_माणूस

ट्रेच्या दोन्ही टोकांना पट्टी वर वळवलेली दाखवा, नाहीतर पाणी ट्रेच्या बाजूने भिंतीत उतरतं, नव्वद टक्के ड्रॉइंगमध्ये ती नसतेच (आकडा माझ्या रागाचा आहे, पाहणीचा नाही). आणि ट्रेचा उतार बाहेरच्या बाजूला आहे हे बाण काढून लिहा. रेघेवरून कळेल असं समजू नका, मी एकदा समजलो होतो आणि गवंड्याने सगळे वीस ट्रे अगदी स्पिरिट लेव्हल लावून, प्रेमाने, सपाट बसवले होते.

ड्रॉइंगवाला

बाण काढतोय. लाल रंगात.